आरोग्याचा ताळेबंद : मेंदूतील न फुटलेला फुगवटा आणि सहीपूर्वीचा विचार



या सदरात आजवर वारसनोंद, मृत्युपत्र, मुदत ठेवी, जामीनकीचे धोके असे विषय मी हाताळले. आयुष्यभर बँकेत कर्जप्रकरणे तपासलेल्या माणसाने वैद्यकीय विषयावर का लिहावे, असा प्रश्न कुणी केल्यास तो गैर ठरणार नाही. परंतु गेल्या वर्षभरात आमच्या कुटुंबाला एका अशा निर्णयास सामोरे जावे लागले, की जो वैद्यकीय असला तरी त्याचे स्वरूप जोखमीच्या हिशेबाचेच होते. तो अनुभव आणि त्यानिमित्ताने केलेले वाचन आपणापुढे ठेवीत आहे. औषधोपचाराचा सल्ला देण्याचा माझा अधिकार नाही. सही करण्यापूर्वी विचार कसा करावा, एवढेच सांगण्याचा आहे.

गेल्या दिवाळीत पाडव्याचे वहीपूजन आटोपले आणि आठवडाभरातच तुमसरहून थोरल्या बंधूंचा फोन आला. वहिनींना काही दिवसांपासून मानदुखी व चक्कर होती. नागपूरला एमआरआय झाला. मानेत किरकोळ झीज निघाली. पण त्याच अहवालात एक अनपेक्षित ओळ होती. मेंदूच्या पुढील भागातील दोन धमन्यांना जोडणाऱ्या रक्तवाहिनीवर ५ मिलिमीटरचा अ‍ॅन्युरिझम आहे आणि तो फुटलेला नाही. वहिनींचे वय ६४. रक्तदाबाची गोळी चालू. दुकानाची रोजकीर्द आजही त्यांच्याच हाताने लिहिली जाते.

अ‍ॅन्युरिझम म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीवरील दुबळ्या जागी आलेला फुगवटा. सायकलच्या जुन्या ट्यूबवर एखाद्या ठिकाणी फुगा यावा, तसा. मोठ्या पाहण्यांनुसार प्रौढांपैकी शंभरात सुमारे ३ जणांच्या मेंदूत तो असतो आणि बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक. उच्च रक्तदाब आणि धूम्रपान हे त्याचे मोठे साथीदार. २०२५ च्या जून महिन्यात अभिनेते सलमान खान यांनी दूरचित्रवाणीवरून सर्वपरिचित असलेल्या कपिल शर्मा यांच्या कार्यक्रमात स्वतःच्या मेंदूत अ‍ॅन्युरिझम असल्याचे आणि तरीही आपण काम करीत असल्याचे सांगितले, तेव्हा हा शब्द घरोघरी पोहोचला. आमच्या घरी तो अहवालातून पोहोचला, एवढाच फरक.

हा फुगवटा फुटला तर मेंदूभोवती रक्तस्राव होतो. अशा रक्तस्रावात सुमारे तिघांपैकी एक रुग्ण दगावतो आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना कायमचे अपंगत्व येते. एवढे ऐकल्यावर कोणत्याही कुटुंबाच्या तोंडून निघणारे पहिले वाक्य ठरलेले असते, ‘मग काढून टाका ना लगेच!’ माझा पुतण्या तेच म्हणाला. पहिल्या डॉक्टरांनीही लवकर उपचार करून घ्यावा असे सुचविले होते. बंधूंचे म्हणणे नेमके उलट, ‘चालत्याबोलत्या बाईच्या डोक्याला हात लावू द्यायचा नाही.’ दोघांचेही बोलणे प्रेमापोटी होते; हिशेब मात्र कोणाजवळच नव्हता.

मी गप्प होतो, कारण माझ्या मनात एक जुनी सही होती.

२०१८ साली बँकेतील माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना असाच न फुटलेला फुगवटा निघाला. एका मोठ्या शहरात तारेद्वारे उपचार ठरला. आदल्या रात्री परिचारिकेने संमतिपत्र आणले. मुलाने सही केली आणि साक्षीदार म्हणून मी. दोघांपैकी एकानेही ते वाचले नाही. ज्यांच्या डोक्यावर उपचार होणार होता ते गृहस्थ शेजारीच शुद्धीत बसले होते. त्यांना कोणी विचारले नाही. उपचारादरम्यान रक्ताची एक गुठळी मेंदूतील लहान रक्तवाहिनीत अडकली. उजवा हात लुळा पडला, शब्द आठवेनासे झाले. कोणाचा निष्काळजीपणा होता असे मी म्हणत नाही. तो त्या उपचाराचा ज्ञात धोका आहे आणि त्या कागदावर तो लिहिलेलाही होता. पुढे व्यायामाने वाचा बरीच परतली, हात अर्धाच आला. त्यांचा पहिला धनादेश सही जुळत नाही म्हणून परत गेला, तेव्हा नमुना सही बदलण्याचा अर्ज मीच भरून दिला. छत्तीस वर्षे ज्याने इतरांच्या सह्या तपासल्या, त्याची सही त्याला स्वतःला येईना. ‘वाचल्याशिवाय सही करू नका’ असे हजारो खातेदारांना बजावणाऱ्या मला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली. म्हणून वहिनींच्या वेळी मी ठरविले, की या खेपेस आधी वाचायचे.

प्रथम उपचार कोणते ते पाहू. मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिला कवटी उघडून फुगवट्याच्या मुळाशी चिमटा, म्हणजे क्लिप, बसविण्याचा. अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात वॉल्टर डँडी यांनी २३ मार्च १९३७ रोजी अशी पहिली शस्त्रक्रिया केली. त्यांची क्लिप चांदीची होती. आज टायटॅनियमची वापरतात. दुसरा मार्ग जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन फुगवट्यात प्लॅटिनमच्या तारेचे वेटोळे भरण्याचा. त्याला कॉइलिंग म्हणतात. गुइदो गुलिएल्मी यांनी १९९० मध्ये लॉस एंजेलिस येथे तो प्रथम माणसावर वापरला. पुढे मूळ रक्तवाहिनीत जाळीची नळी, म्हणजे स्टेंट किंवा फ्लो डायव्हर्टर, बसविण्याचे तंत्र आले. आपल्या भंडाऱ्याहून नागपूर सुमारे ६० किलोमीटर. तेथे मेंदूविकारांची मोठी रुग्णालये आहेत, त्यामुळे केवळ तपासणीसाठी मुंबई गाठावी लागत नाही.

आता धोक्यांची बाजू. कवटी उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत क्लिप बसविताना फुगवटा तेथेच फुटू शकतो. क्लिपमुळे मूळ रक्तवाहिनी किंवा तिच्या केसासारख्या बारीक शाखा आवळल्या जाऊन पक्षाघात होऊ शकतो. नंतर झटके येणे, जंतुसंसर्ग, मेंदूस सूज, कवटीखाली रक्त साचणे हे संभवते. वहिनींच्या फुगवट्याची जागा अशी, की तेथे स्मरणशक्ती, स्वभाव आणि वासाची जाणीव यांवर परिणाम होऊ शकतो. याखेरीज भूल, पायात गुठळी होणे, चघळताना दुखणे, कानशिलाजवळ खळगा पडणे हे लहानमोठे त्रास निराळेच. सगळे सुरळीत झाले तरी पूर्वपदावर येण्यास अनेक आठवडे लागतात.

तारेच्या उपचारात डोके उघडावे लागत नाही, म्हणून लोक त्यास ‘साधे’ समजतात. तो साधा नाही. माझ्या सहकाऱ्यांना झाला तसा गुठळीमुळे पक्षाघात, तारेच्या टोकाने फुगवट्यास छिद्र, वेटोळे जागेवरून सरकणे, रंगद्रव्यामुळे मूत्रपिंडास त्रास, नळी घातलेल्या जागी रक्तस्राव हे त्याचे धोके. शिवाय तारेने भरलेल्या फुगवट्यांपैकी सुमारे पाचांतील एक कालांतराने अंशतः पुन्हा उघडतो आणि काहींना दुसऱ्यांदा उपचार लागतो. त्यामुळे पुढील काही वर्षे तपासण्या चुकत नाहीत. जाळी बसविली असल्यास रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या काही महिने नियमाने घ्याव्या लागतात आणि त्या मध्येच बंद केल्यास जाळीत गुठळी होण्याचे भय असते.

ही केवळ पुस्तकी यादी नव्हे. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांचा एक अ‍ॅन्युरिझम फेब्रुवारी १९८८ मध्ये फुटला. त्यावर शस्त्रक्रिया झाली, मग फुप्फुसात गुठळी गेली आणि मे महिन्यात दुसऱ्या, न फुटलेल्या अ‍ॅन्युरिझमवरही शस्त्रक्रिया करावी लागली. सप्टेंबरात ते सिनेटमध्ये परतले आणि पुढे ३२ वर्षांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. कॅनडात जन्मलेले गायक नील यंग यांच्या मेंदूतील फुगवट्यावर २००५ मध्ये न्यूयॉर्कला तारेचा उपचार यशस्वी झाला. पण दोन दिवसांनी जांघेतील धमनीतून रक्तस्राव होऊन ते रस्त्यात कोसळले. मेंदू सुखरूप, पण धोका पायातून आला! इंग्लंडच्या अभिनेत्री एमिलिया क्लार्क यांचा एक अ‍ॅन्युरिझम २०११ मध्ये फुटला होता. दुसरा न फुटलेला वाढू लागला म्हणून २०१३ मध्ये तारेचा उपचार करावयास घेतला. तो फसला, मोठा रक्तस्राव झाला आणि तातडीने कवटी उघडावी लागली. महिनाभर त्या रुग्णालयात होत्या. हे त्यांनी स्वतः २०१९ मध्ये लिहून प्रसिद्ध केले आहे. तिघेही पुढे कामास लागले, हेही नमूद केले पाहिजे.

आता आकडे. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ४,०६० रुग्णांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना पूर्वी कधी असा रक्तस्राव झाला नव्हता, त्यांच्यात कवटी उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर वर्षभरात मृत्यू किंवा अपंगत्व यांचे एकत्रित प्रमाण सुमारे १२.६ टक्के आणि तारेच्या उपचारानंतर ९.८ टक्के आढळले. यात स्मृती व आकलन यांतील घसरणही मोजली होती, म्हणून आकडा मोठा दिसतो. पण रुग्णाच्या दृष्टीने तेच मोजमाप खरे. वय ५० च्या पुढे गेल्यावर उघड्या शस्त्रक्रियेचा धोका वाढतो, असेही दिसले. तंत्र पुढे सुधारले. २०१९ मध्ये लाखाहून अधिक रुग्णांच्या अभ्यासांचे एकत्रीकरण झाले, त्यात पहिल्या ३० दिवसांतील गुंतागुंत तारेच्या उपचारात सुमारे ५ टक्के, उघड्या शस्त्रक्रियेत सुमारे ८ टक्के आणि मृत्यू दोन्हींत अर्ध्या टक्क्याहूनही कमी आढळले.

दुसऱ्या पारड्यात न फुटलेला फुगवटा तसाच ठेवण्याचा धोका. जपानमधील ५,७२० रुग्णांच्या २०१२ च्या अभ्यासात फुटण्याचे सरासरी प्रमाण वर्षाला ०.९५ टक्के होते; परंतु सरासरी फसवी असते. ३ ते ४ मिलिमीटरच्या फुगवट्यांत ते वर्षाला ०.३६ टक्के, ५ ते ६ मध्ये ०.५० टक्के, तर १० ते २४ मिलिमीटरमध्ये ४.३७ टक्के होते. आकार, जागा, वय, रक्तदाब, पूर्वीचा रक्तस्राव आणि वंशसमूह या सहा गोष्टींना गुण देऊन पुढील पाच वर्षांचा धोका काढण्याचे ‘फेजेस’ नावाचे कोष्टक २०१४ पासून वापरात आहे. मात्र ते ज्या रुग्णांवरून रचले, ते युरोप, उत्तर अमेरिका आणि जपान येथील होते, भारतीय नव्हते. म्हणून आपल्यासाठी तो अंदाज आहे, दाखला नव्हे.

या आकड्यांचा अर्थ व्यापारी मनाला चटकन कळेल. उपचाराची जोखीम एकरकमी, आजच चुकवायची असते. उपचार न करण्याची जोखीम हप्त्याहप्त्याने, उरलेल्या आयुष्यभर. हप्ता लहान असला तरी मुदत लांब असेल तर एकूण देणे मोठे होते. ३५ वर्षांच्या तरुणास ४० वर्षांचे हप्ते भरावयाचे असतात. त्याच्या बाबतीत एकरकमी जोखीम पत्करणे बहुधा शहाणपणाचे. ७५ वर्षांच्या वृद्धाच्या लहान फुगवट्यास हात लावणे बहुधा तोट्याचे. वहिनी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी होत्या. त्यामुळेच दोन चांगल्या डॉक्टरांची मते भिन्न पडली. पहिल्यांनी जागेकडे पाहिले, कारण जोडधमनीवरील फुगवटे त्याच आकाराच्या इतर फुगवट्यांहून अधिक फुटतात. दुसऱ्यांनी वय आणि आकार पाहिला. मतभेद म्हणजे दोघांपैकी एक अज्ञानी किंवा लोभी, असा अर्थ आपण काढतो. तो अन्यायाचा आहे.

दुसऱ्या डॉक्टरांनी कोष्टक मांडून दाखविले. वहिनींचा पुढील पाच वर्षांचा धोका सुमारे १.३ टक्के निघत होता. उपचाराचा त्या महिन्यातच ५ ते ८ टक्के. पुतण्याने दहा प्रश्न विचारले. वहिनींनी एकच विचारला, ‘डॉक्टरसाहेब, ऑपरेशननंतर मला रोजकीर्द लिहिता येईल ना?’ डॉक्टर थोडे थांबले आणि म्हणाले, ‘बहुधा येईल. पण खात्री मी देऊ शकत नाही.’ त्या उत्तराने आम्हांस निर्णयापर्यंत नेले. आम्ही टक्केवारी मोजीत होतो. काय गमावणे आपल्याला सोसणार नाही, हे फक्त ज्यांना गमवायचे त्याच सांगू शकत होत्या.

कायद्याचेही हेच म्हणणे आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी स्पष्ट केले, की उपचाराचे स्वरूप, फायदे, पर्याय, महत्त्वाचे धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम रुग्णास सांगून मगच संमती घ्यावयाची. सज्ञान व शुद्धीतील रुग्णाची संमती त्याची स्वतःचीच हवी. त्या खटल्यात आईने दिलेली संमती न्यायालयाने पुरेशी मानली नाही. तातडीची प्राणसंकटाची वेळ निराळी. न फुटलेल्या अ‍ॅन्युरिझममध्ये मात्र बहुधा विचारास वेळ असतो आणि तो वेळ रुग्णाचा हक्क आहे. आपल्या घरांत स्त्रीच्या उपचाराचा निर्णय पेढीवर बसून पुरुष घेतात, हे या निमित्ताने मला प्रकर्षाने जाणवले.

सहीपूर्वी विचारावयाचे प्रश्न मी एका कागदावर लिहून नेले होते. फुगवट्याचा आकार, आकृती व जागा कोणती? पाच वर्षांत आणि आयुष्यभरात फुटण्याचा अंदाज किती? दोन्ही मार्गांपैकी माझ्यासाठी कोणता आणि का? आपण स्वतः व आपल्या रुग्णालयाने असे किती उपचार केले आणि गुंतागुंत किती जणांस झाली? उपचार न केल्यास तपासणी केव्हा? दुसऱ्या प्रश्नमालिकेत आपल्या समाजापुरता एक प्रश्न वाढवावा. तारेच्या उपचारात गुठळी होऊ नये म्हणून वापरतात ते हेपारिन डुकराच्या आतड्यापासून काढलेले असते. ज्यांना याविषयी संकोच आहे त्यांनी आधीच मोकळेपणाने बोलावे. टेबलावर गेल्यावर तो विषय काढणे धोक्याचे.

पैशाविषयी दोन शब्द. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. आपला उपचार व रुग्णालय त्यात बसते काय, हे तेथील आरोग्यमित्राकडून आधी लेखी जाणून घ्यावे. ७० वर्षांवरील नागरिकांस उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान कार्ड मिळते. आरोग्य विमा नव्याने घेताना अहवालातील अ‍ॅन्युरिझम लपवू नये. लपविलेली माहिती दाव्याच्या वेळी उघड होते आणि पॉलिसीच हातची जाते, हे मी सेवेत असताना कर्जदारांच्या बाबतीतही पाहिले आहे.

वहिनींनी थांबण्याचा निर्णय घेतला. थांबणे म्हणजे विसरणे नव्हे. रक्तदाब रोज मोजून त्यांच्याच अक्षरात वहीत लिहिला जातो. पूर्वी पर्युषणात त्या गोळी सोडीत असत. यंदा डॉक्टरांशी बोलून त्यांनी उपवासाऐवजी एकासन केले आणि गोळी त्या एका भोजनासोबत घेतली. बंधूंनी तंबाखू सोडली. ती वहिनींसाठी की स्वतःसाठी, हे ते सांगत नाहीत. धोक्याची लक्षणे घरातल्या सर्वांना पाठ आहेत. आयुष्यात कधी झाली नाही अशी क्षणात शिगेला पोहोचणारी डोकेदुखी, मान ताठ होणे, शुद्ध हरपणे किंवा एका डोळ्याची पापणी एकाएकी खाली पडणे यांपैकी काहीही झाल्यास घरगुती उपाय करीत न बसता १०८ वर फोन करून थेट मेंदूशल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयात जावयाचे. ज्यांच्या सख्ख्या नात्यात दोघा-तिघांना अ‍ॅन्युरिझम झाला आहे, त्यांनी स्वतःच्या तपासणीबाबतही डॉक्टरांना विचारावे.

सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय झाला. फुगवटा ५ मिलिमीटरच आहे. पुढे तो वाढला किंवा त्याचा आकार बदलला, तर हिशेब नव्याने मांडावा लागेल आणि कदाचित उत्तर ‘शस्त्रक्रिया’ असेच येईल. त्याची भीती वहिनींना नाही असे नाही. परवाच त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, रात्री डोके जरा जड झाले की झोप उडते.’ उपचार न करण्याची ही किंमत कोणत्याही कोष्टकात नसते आणि काहींसाठी तीच उपचार करून घेण्याचे पुरेसे कारण ठरते.

त्या सहकाऱ्यांना मी गेल्या महिन्यात भेटलो आणि ती साक्षीची सही वाचल्याशिवाय केली होती, हे सात वर्षांनी त्यांना सांगितले. ते हसले. डाव्या हाताने चहाचा पेला पुढे करीत सावकाश, शब्द शोधीत म्हणाले, ‘मी वाचले असते, तरी कदाचित होच म्हटले असते. पण विचारायला हवे होते.’ वाचकहो, आपल्या घरी असा अहवाल येऊ नये, हीच इच्छा. आलाच, तर ज्याचा तो अहवाल आहे त्याला प्रथम विचारावे.